सहा पिनचा कपलर

फॉर्म्युला टीममध्ये इलेक्ट्रिकलवाल्यांना तसा फारसा भाव नसतो. फोटो निघतो चासीचा, गर्दी जमते इंजिनभोवती आणि स्पॉन्सर आले की सस्पेन्शनवाले पुढे! आमचं काम लोकांना दिसतं ते गाडी बंद पडल्यावर.

आणि गाडी बंद पडायला फार मोठं काही लागत नाही. फॉर्म्युला कारमध्ये शटडाउन सर्किट नावाचा एक प्रकार असतो. ड्रायव्हरजवळचं लाल बटण, गाडीच्या बाजूचा मास्टर स्विच, धडक बसली तर उघडणारा इनर्शिया स्विच, ब्रेक पेडल नको तेवढं खाली गेलं तर दाबला जाणारा स्विच, हे सगळं एकामागोमाग एका माळेत. माळेतला एक मणी निखळला की इंजिन बंद. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण सर्किटला काय कळतं, की माळ ड्रायव्हरने तोडली की सैल पिनने? जानेवारी २०२३ मध्ये फॉर्म्युला भारत स्पर्धेत, कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर, आमच्या सिनिअर्सची गाडी एन्ड्युरन्समध्ये २२ किलोमीटरपैकी निम्मेही पुरे व्हायच्या आत गपकन थांबली. इंजिन ठणठणीत, टाकीत पेट्रोल, बॅटरी चार्ज्ड. परत आल्यावर मल्टिमीटर घेऊन बसलो तेव्हा सापडलं, कनेक्टरमधली एक पिन दोन मिलिमीटर मागे सरकली होती. वर्षभर रात्री जागलेले सिनिअर्स, आणि दोन मिलिमीटर!

पुढच्या गाडीचं वायरिंग माझ्याकडे आणि माझ्या रूम पार्टनरकडे आलं. चारचाकीचं तयार हार्नेस कापून बसवायचं नाही, सगळं स्वतःचं, हे ठरलं होतं. सर्किट डायग्राम चार दिवसांत झाला. सामान जमवायला मात्र अडीच महिने लागले.

नाना पेठ म्हणजे पुण्यातल्या गाड्यांच्या सुट्या भागांचं माहेरघर. तिथे मोठ्या आत्मविश्वासाने गेलो.

"काका, सहा पिनचा वॉटरप्रूफ कपलर आहे?"

"कुठल्या गाडीचा?"

"आमच्या."

"म्हणजे कुठली?"

"आम्हीच बनवतोय."

काकांनी चष्म्यावरून एकदा आमच्याकडे, एकदा पार्टनरच्या हातातल्या व्हर्नियरकडे बघितलं. "अरे बाळा, पण तिला काही नाव असेल की नाही?"

काकांचं काही चुकत नव्हतं. बाजारात कनेक्टरला स्वतःचं नावच नसतं. तो कुठल्यातरी गाडीच्या हेडलाइटचा असतो, मीटरचा असतो, नाहीतर पेट्रोल पंपाचा असतो. आमच्या कागदावर लिहिलेलं असायचं 'टॅब २.८ मिलिमीटर, सीलबंद'. दोघंही एकाच वस्तूबद्दल बोलतोय आणि कुणालाच काही कळत नाहीये! मग आम्ही कागद घरी ठेवून सेन्सरच खिशात घालून न्यायला लागलो. सेन्सर हातात आला की काका त्याच्या तोंडावरून अंगठा फिरवत आणि मागच्या खोक्यातून बरोबर जोडीदार काढून देत. व्हर्नियर नाही, डेटाशीट नाही. ही विद्या आपल्या सिलॅबसमध्ये कुठे बसते ते मला अजून समजलेलं नाही.

रिलेचं दुकान तेवढं सुखाचं. ३०, ८५, ८६, ८७ हे पिन क्रमांक जर्मन मानकात ठरले आणि बहुतेक सगळ्यांनी तेच उचलले, त्यामुळे कुठेही जा, बेस बसतो. कनेक्टरवाल्यांना असं शहाणपण सुचलं असतं तर आमची दिवाळी वाचली असती.

कारण कनेक्टर ही एक वस्तू नाहीच. आपण म्हणतो 'एक कपलर द्या', पण त्यात असतात पाच गोष्टी: प्लास्टिकचं घर, आतली धातूची पिन, प्रत्येक वायरवर चढणारं रबरी सील, रिकाम्या भोकाचं बूच आणि पिनांना मागून अडवणारं दुसरं लॉक. हे शेवटचं चिमुकलं लॉक कित्येकदा वेगळं विकतात, आणि दुकानात ते बहुधा नसतंच. सिनिअर्सच्या त्या कनेक्टरमध्येही ते नव्हतं. शिवाय सील वायरच्या तांब्यावर नाही, तर बाहेरच्या आवरणाच्या जाडीवर ठरतं. घरगुती वायर घेतली तर तांबं बरोबर असूनही आवरण इतकं जाड, की सील चढत नाही, चढलं तर पिनची मागची पकड त्यावर बसत नाही. म्हणजे आधी पातळ आवरणाची ऑटो वायर शोधा, मग सील, मग पिन.

डॉइशचे डीटी कनेक्टर घ्यावेत असं सगळे सांगतात, आणि ते उत्तमच आहेत. १६ नंबरची पिन १३ अँपिअर सहज घेते, आणि त्यात ते लॉक पाचर म्हणून ठोकायलाच लागतं, विसरायची सोय नाही. पण त्याच्या भरीव पिना दाबायचं अस्सल टूल घ्यायचं तर दोघांची कित्येक महिन्यांची मेसबिलं गेली असती. म्हणून डीटी फक्त शटडाउन सर्किटला, टूल दुसऱ्या कॉलेजच्या टीमकडून दोन दिवस उसनं. बाकी ठिकाणी पत्र्याच्या पिनांचे सुपरसील.

आता गंमत बघा. चाकण आणि रांजणगावच्या पट्ट्यात गाड्या बनतात, गाड्यांची हार्नेसं बनतात. हॉस्टेलपासून तासाभराच्या अंतरावर रोज लाखांनी पिना दाबल्या जात असतील. आम्हाला हव्या होत्या दीडशे! पण पिना येतात रीळवर, एकेका रीळवर हजारोंनी. "पाच हजार घेता का?" असं फोनवर विचारलं की आमचा आवाजच बसायचा. परदेशी वितरक एक-एक नगही देतात, पण पार्सल आणि ड्यूटी धरली तर कनेक्टरपेक्षा खोकं महाग. शेवटी आपल्याच कॉलेजच्या, हार्नेसच्या कारखान्यातल्या एका माजी विद्यार्थ्याने मशीन सेट करताना उरलेली, दोन हात लांब पट्टी दिली. कात्रीने एकेक पिन कापताना सोनार असल्यासारखं वाटत होतं.

घरं मिळाली भंगारात. कुदळवाडीला जुनी वायरिंगं ढिगाने पडलेली असायची. (फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली गोदामं आणि शेड मोठ्या प्रमाणावर पाडली, त्यामुळे ज्युनिअर्सनी आमच्या सांगण्यावर तिकडे जाऊ नये.) भंगारवाल्याला हवं असतं तांबं. प्लास्टिकचे कनेक्टर तो कापून बाजूला टाकतो. आम्ही म्हटलं, वीतभर वायर ठेवून कापा. तर कनेक्टर फुकट आणि शेपटीचे पैसे तांब्याच्या भावाने! मेसच्या टेबलावर रात्री ते धुतले, सुईने जुन्या पिना काढल्या. घर पुन्हा वापरता येतं. एकदा दाबलेली पिन पुन्हा दाबता येत नाही, ती सरळ फेकायची.

वर्कशॉपमध्ये सगळ्यांचा एकच सल्ला: "एवढं कशाला, सोल्डर मारून टाका." सोल्डर तारांमधून वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि एक-सिलिंडर इंजिनच्या थरथरीने वायर बरोबर त्या काठावर तुटते. हे सांगून कुणाला पटेना. मग आम्ही अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरवर पिन दाबली, पिन व्हाइसमध्ये पकडली आणि खाली पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन टांगला, म्हणजे सुमारे ५० न्यूटन. कॅन रात्रभर लटकत राहिला. दहा पिनांमागे एक अशी ओढून बघायचो. हजारात एकच जोड दगा देतो असं धरलं, तरी शंभर जोडांच्या गाडीत कुठेतरी एक सुटण्याची शक्यता शेकडा साडेनऊ निघते. प्रॉबॅबिलिटीचं गणित परीक्षेबाहेर पहिल्यांदाच घाबरवून गेलं.

जानेवारी २०२४ मध्ये गाडी २२ किलोमीटर धावली. नंबर विचारू नका.

उरलेल्या पिना, सीलं आणि भंगारातली एकोणीस घरं निळ्या डब्यात वर्कशॉपच्या कपाटात दुसऱ्या फळीवर आहेत. प्रत्येक पुडीवर वायरची जाडी लिहिली आहे. मेल आणि फिमेल वेगळ्या पुड्यांत आहेत, त्या एकत्र करू नका. आणि लॉकं एका फिल्मच्या डबीत आहेत, ती आधी मोजा.