सतरा वर्षे आणि एक मोडलेलं हाड

इंग्लंडातलं शेफील्ड म्हणजे पोलादाचं गाव. तिथे १९७८ साली जार्विस कॉकर नावाच्या शाळकरी पोरानं 'पल्प' हा बँड काढला. शनिवारी तो बाजारात मासळी विकायला उभा राहायचा. (आम्हां गोंयकारांना माणूस आपला वाटायला एवढं पुरे!)

१९८१ मध्ये बीबीसीच्या जॉन पील यांनी या पोरांना रेडिओवर वाजवायला बोलावलं. झालं, नशीब उघडलं! पण कसलं काय. सोबती शिकायला पांगले. १९८३ चा पहिला अल्बम फारसा कुणी विकत घेतला नाही. १९८५ मध्ये एका मुलीवर छाप पाडायला जार्विस खिडकीला लटकला, खाली पडला, आणि पुढे काही काळ चाकाच्या खुर्चीत बसून गायला. बरीच वर्षं बेकारभत्त्यावर काढली. १९८९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेला अल्बम बाजारात आला १९९२ ला. आमच्या खात्यातल्या फायलींनाही मान खाली घालायला लावणारा वेग!

माझा भाचा शनिवारी कळंगुटच्या हॉटेलांत गिटार वाजवतो. कधी पैसे मिळतात, कधी नुसतं जेवण. "तू सरकारी माणूस, तूच सांग त्याला क्लार्कच्या परीक्षेचा फॉर्म भरायला," असं बहीण सारखी म्हणते. मी सांगतोही. सतरा वर्षांत मी कनिष्ठाचा वरिष्ठ कारकून झालो, पण पगार एक तारखेला चुकला नाही. आणि पल्पसारखे किती बँड सतराव्या वर्षीही तिथेच राहिले, त्यांची नावं कुणाला ठाऊक आहेत?

१९९५ च्या जूनमध्ये ग्लास्टनबरी महोत्सवात 'स्टोन रोझेस' वाजवणार होते. त्यांचा गिटारवादक सायकलवरून पडला, गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि ऐनवेळी पल्पला बोलावणं गेलं. याला नशीबच म्हणतात. पण त्यांच्याजवळ तेव्हा 'कॉमन पीपल' होतं. गरिबांसारखं जगून बघण्याची हौस असलेल्या श्रीमंत मुलीचं गाणं. तिला वाटेल तेव्हा घरी फोन करून सुटका करून घेता येते, गाणाऱ्याला येत नाही. बेकारभत्त्याच्या रांगेत उभं न राहता हे गाणं कुणाला सुचलं असतं, असं मला वाटत नाही.

त्या रात्री अख्खं मैदान ते गाणं त्यांच्याबरोबर म्हणत होतं.