मापातली खोट

कोल्हापुरात शाहूपुरीतील एका दुकानात कॅमेऱ्यांची कार्डे, बॅटऱ्या, चार्जर, केबली असा बारीकसारीक माल मिळतो. मालकांचे वय पासष्टीच्या घरात. घरचे, नोकर आणि गिऱ्हाइके सारेच त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांच्या वडिलांचे लक्ष्मीपुरीत धान्याचे दुकान होते. त्या दुकानातील वजनांचा संच काउंटरमागील फडताळात अजून जपून ठेवलेला आहे. ठरलेल्या मुदतीला ती वजने तपासून घेऊन त्यांवर सरकारी शिक्का मारून घ्यावा लागे, आणि वडिलांनी ती मुदत कधी चुकवली नाही. धान्यात खडा निघाला तर तो शेतातून आला म्हणता येईल. मापात खोट निघाली तर ती दुकानातूनच आली, असे ते म्हणत.

ही वजने अण्णांना नव्याने आठवली ती डिसेंबरातील एका दुपारी. मालवणहून एक बोटमालक आले होते. पर्यटकांना समुद्रात फिरवून आणणे आणि त्या फेरीचे चित्रीकरण ॲक्शन कॅमेऱ्यावर करून देणे हा त्यांचा व्यवसाय. गेल्या महिन्यातच त्यांनी अण्णांकडून १२८ जीबीची चार मेमरी कार्डे नेली होती. त्यांतले एक त्यांनी काउंटरवर ठेवले आणि शांतपणे म्हटले, ‘‘शेटनु, कार्ड १२८ चा दाखवता, पण आत कायच नाय.’’

हकिकत अशी होती. सोलापूरकडील एक कुटुंब बोटीवर आले होते. बरोबर ऐंशी वर्षांच्या आजी होत्या. त्यांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. बोट किल्ल्याच्या बाजूने वळली तेव्हा त्यांनी काठावरून हात खाली सोडून पाणी ओंजळीत घेतले, जिभेला लावले आणि लहान मुलीसारख्या हसत सुटल्या. कॅमेरा समोरच बसवलेला होता. धक्क्यावर परतल्यावर फाइलींची नावे दिसत होती, परंतु पहिल्या वीस मिनिटांपलीकडे एकही फाइल उघडेना. बोटमालकांनी त्या कुटुंबाचे सारे पैसे परत केले. कुटुंबाने तक्रार केली नाही. आजी पुन्हा समुद्र पाहतील. पहिल्यांदा मात्र पाहणार नाहीत.

ती कार्डे अण्णांनी एका घाऊक व्यापाऱ्याकडून घेतली होती. चाळीस नगांचा गठ्ठा, दर नेहमीच्या निम्म्याहून कमी. अण्णांनी त्यांतले एक मोबाइलमध्ये घालून पाहिले होते. पडद्यावर १२८ जीबी असा आकडा आला आणि त्यांचे समाधान झाले. खोट नेमकी तेथेच होती. कार्डात साठवणुकीच्या चिपेबरोबर तिचा कारभार पाहणारी एक छोटी नियंत्रक चिप असते. ‘जागा किती?’ असे विचारले की उत्तर ही चिप देते, आणि तिला खोटे बोलायला शिकवता येते. आत १६ जीबीचीच जागा असली तरी ती १२८ सांगते. त्या १६ जीबीपर्यंत सारे सुरळीत चालते. पुढचे चित्रण एकतर कोठेच नोंदले जात नाही, किंवा आधीच्याच चित्रणावर लिहिले जाते. उत्तम दर्जाच्या फोर के चित्रणाला सेकंदाला सुमारे १०० मेगाबिट माहिती लागते, म्हणजे तासाला ४५ जीबी. या हिशेबाने १६ जीबी एकवीस मिनिटांत भरतात. आजींनी पाण्याला हात लावला तो त्यानंतर.

त्या रात्री दुकान बंद झाल्यावर मुलाने संगणकावर उरलेली कार्डे तपासायला घेतली. अशी तपासणी करणारी साधी प्रणाली फुकट मिळते. ती कार्ड काठोकाठ भरते आणि लिहिलेले सारे परत वाचून ताडून पाहते. आकडा विचारत नाही, माप घालून पाहते. रात्री उशिरापर्यंत पाच कार्डे झाली. पाचही खोटी निघाली.

चाळीसपैकी तेवीस कार्डे विकली गेली होती. मुलाचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. जो तक्रार घेऊन येईल त्याला पैसे द्यावेत. फसवणूक आपलीही झाली आहे, आणि घाऊक व्यापारी तर माल परत घ्यायला तयार नाही. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी बिलबुक उघडले. प्रत्येक बिलावर त्यांच्याच अक्षरात ‘१२८ जीबी’ लिहिलेले होते. ते म्हणाले, ‘‘गिऱ्हाइकाला तो घाऊकवाला ठाऊक नाही. त्याला हे अक्षर ठाऊक आहे.’’

सतरा कार्डांच्या बिलांवर फोन क्रमांक होते. दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतः एकेकाला फोन केला. सहा कार्डे रोखीने, बिलाशिवाय गेली होती. त्यांच्यासाठी दुकानाबाहेर फलक लागला: अमुक रंगाचे कार्ड येथून घेतले असल्यास वापरू नये, बदलून मिळेल. असा फलक लावणे म्हणजे आपल्याच मालाची दवंडी पिटणे, असे शेजारच्या दुकानदारांनी समजावून पाहिले. फलक महिनाभर राहिला.

बोटमालकांची चार कार्डे अण्णांनी टपालाने पाठवली नाहीत. कार्ड खरे असणे पुरेसे नसून ते त्या कामाला योग्यही असले पाहिजे, आणि बोटीवरचे काम त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. एका रविवारी ते मुलासह फोंडाघाट उतरून कणकवलीमार्गे मालवणला गेले आणि सकाळच्या फेरीला बोटीवर बसले.

दुकानात बसून न कळलेल्या कितीतरी गोष्टी त्या दोन तासांत कळल्या. बोटीवर कोरडा हात मिळणेच कठीण. नखाएवढे कार्ड ओल्या बोटांनी बदलू जावे तर ते फळ्यांच्या फटीत जाईल नाहीतर समुद्रात. आणि झाकण उघडलेल्या कॅमेऱ्यात खाऱ्या पाण्याचा एक थेंब गेला तरी आतला धातू गंजू लागतो. म्हणून एक फेरी एका कार्डात पूर्ण मावली पाहिजे. दोन तासांचे ९० जीबी होतात, तेव्हा १२८चे कार्ड त्याला पुरते. मग ५१२चेच घेऊन आठवडाभर का चालवू नये, असे मुलाने विचारले. उत्तर बोटमालकांनी दिले. मागील हंगामात त्यांचा एक कॅमेरा कठड्यावरून निसटून तळाशी गेला होता. ज्या दिवशी कॅमेरा बुडेल त्या दिवशी एका फेरीचे नुकसान व्हावे, आठवड्याचे नव्हे. म्हणून फेरीगणिक वेगळे कार्ड. बदल धक्क्यावर, सावलीत, हात पुसून. रात्री सारे चित्रण संगणकावर उतरवून, ते उघडून पाहून, मगच कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचे.

वेगाचाही विचार होता. वेष्टनावर मोठ्या अक्षरात छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो. चित्रीकरणाला लागतो तो सतत लिहिण्याचा वेग. त्याची खूण बारीक अक्षरात असते: व्ही ३० किंवा यू ३. या दोन्हींचा अर्थ सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी. १०० मेगाबिटांच्या चित्रणाला साडेबारा मेगाबाइट लागतात, तेव्हा ही हमी पुरून उरते. ए १, ए २ या खुणा मोबाइलमधील ॲप चालवण्यासाठी असतात. चित्रीकरणाशी त्यांचा संबंध नाही. अण्णांनी आजवर ए २चे कार्ड अधिक चांगले म्हणून अधिक दराने कॅमेरेवाल्यांना दिले होते. तेही त्यांनी वहीत टिपून घेतले.

बॅटरीची कथा कार्डासारखीच निघाली. बोटमालकांकडे तीन बॅटऱ्या होत्या. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या बॅटरीवर १७२० एमएएच लिहिलेले होते. बाजारातून स्वस्तात घेतलेल्या दोन्हींवर, आकार तोच असूनही, बराच मोठा आकडा होता, आणि प्रत्यक्षात त्या निम्म्या वेळातच मान टाकत. अण्णांनी तिन्ही तळहातावर तोलून पाहिल्या. मोठ्या आकड्याच्या दोन्ही बॅटऱ्या हाताला हलक्या लागल्या. त्यांतली एक किंचित फुगलेली होती. अण्णांनी ती तेथल्या तेथे बाजूला ठेवायला लावली. फुगलेली लिथियम बॅटरी वापरू नये, टोचू नये, कचऱ्यात टाकू नये. ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावी.

पॉवर बँक जोडून बॅटरीची अडचण सुटेल, असे दुकानात बसून वाटते. बोटीवर तसे करण्यासाठी कॅमेऱ्याचे झाकण उघडे ठेवावे लागते, आणि झाकण उघडे राहिले की पाण्यापासूनचे संरक्षण संपले. म्हणून पॉवर बँक धक्क्यावर, आणि बोटीवर मूळ प्रतीच्या दोन भरलेल्या बॅटऱ्या कोरड्या डबीत, एकमेकींना किंवा किल्ल्यांना टोके लागणार नाहीत अशा. साडेअकराच्या सुमारास, बोट थांबलेली व वारा पडलेला असताना, कॅमेरा आपोआप बंद झाला. बोटमालकांनी बॅटरीला दोष दिला. अण्णांनी कॅमेऱ्याला हात लावून पाहिला. तो तापला होता. उन्हात उभ्या बोटीवर कॅमेरा स्वतःच्या बचावासाठी थांबतो. तेव्हा त्याला सावली द्यावी, सलग न चालवता लहान तुकडे घ्यावेत, आणि गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये.

परतल्यावर कॅमेरा झाकण बंद ठेवून गोड्या पाण्याने धुतला गेला, पुसला गेला, वाळला, मग उघडला गेला. पावसाळ्यात बोटी महिनोन्‌महिने ओढून ठेवतात. त्या काळात बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नये, अर्धी भरून थंड जागी ठेवावी, एवढे सांगून अण्णांनी चार नवी कार्डे दिली. प्रत्येकावर छोटी चिठ्ठी होती: तपासल्याची तारीख आणि मुलाची सही. एका कार्डाच्या पूर्ण तपासणीला सुमारे तास लागतो. बोटमालकांनी पैसे काढले, तेव्हा अण्णांनी त्यांचा हात मागे सारला.

आता शाहूपुरीच्या दुकानात एक जुना संगणक याच कामाला ठेवलेला आहे. नव्या गठ्ठ्यातील कार्ड त्यावर माप दिल्याशिवाय काउंटरवर येत नाही. विक्री थोडी मंदावली. तासभर थांबायची तयारी नसलेले गिऱ्हाइक शेजारी जाते, आणि अण्णा त्याला जाऊ देतात.

रोखीच्या सहा कार्डांपैकी चार परत आली. फलक काढला तरी वहीतील त्या पानावर रेघ मारलेली नाही. दिवाळीला नवी वही निघाली, तेव्हा अण्णांनी जुन्या वहीतून एकच नोंद पुढे ओढली: ‘१२८ जीबी, नग २, येणे नाही, देणे.’ मुलाने ती वाचली आणि काही न बोलता खाली तारीख घातली.