नळ आणि नल

"कुणाचा रे तू?" पूर्णा गावात राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात निदान दहा जणांनी मला हे विचारले. माझे वय तेव्हा पन्नास. वरळीच्या बी.डी.डी. चाळीत चाळीचा नंबर सांगितला की काम होई. इथे आधी वडिलांचे नाव, मग आजोबांचे, तेव्हा कुठे समोरचा मान हलवी.

वडील 1960 च्या सुमारास भिवंडी तालुक्यातले हे गाव सोडून मुंबईला गिरणीत लागले. आम्ही भावंडे 160 चौरस फुटांच्या खोलीत वाढलो. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वडिलांचे काम गेले आणि नववीत माझी शाळा सुटली. पुढे खोली काकांकडे राहिली. 2018 साली बायको-मुलीला घेऊन मी वडिलांच्या वाट्याच्या दोन खोल्यांत आलो.

गाव म्हणजे शेत, विहीर, शांतता, अशी मुलीची कल्पना. पण मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून इथे भातशेतीच्या जागी गोदामे उभी राहिली. जुलै 2017 पासून जकात गेली, गोदामे राहिली. मलाही तिथेच काम मिळाले, माल मोजून वहीत उतरवण्याचे. मात्र जुन्या आग्रा रोडवर कंटेनरांची रांग लागली की ठाण्याला कधी पोचू, हे कुणी सांगू शकत नाही. भिवंडी रोड स्टेशनात गाड्या मोजक्याच. बायको रोज म्हणे, "याला गाव म्हणायचं की नाका?"

पाण्याची तऱ्हा वेगळीच. पहाटे हंडे लावायचे. आम्ही 'नळ' म्हटले की पोरे हसत, कारण इथे सगळे 'नल' म्हणतात. मला आई आठवली. चाळीत ती 'नल' म्हणे तेव्हा आम्ही भावंडे खो खो हसायचो. पुढे तिने तो शब्दच सोडला. तिची भाषा आम्ही हसून हसून बंद पाडली, हे मला पन्नासाव्या वर्षी हंड्यांच्या रांगेत कळले.

मग मुलीच्या दाखल्याचे आले. कॉलेजसाठी जातीचा दाखला हवा होता. माझी शाळाच सुटली, त्यामुळे मी माझा कधी काढला नव्हता. अनुसूचित जातीच्या दाखल्याला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा राहण्याचा पुरावा लागतो. एका कचेरीत चार खेपा घातल्या. कधी साहेब जेवायला गेलेले, कधी कागद अपुरे. प्रत्येक खेपेला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडे.

शेवटी शेजारचे एक म्हातारे बाबा म्हणाले, "तुझा बाप नि मी एकाच वर्गात होतो. चल माझ्याबरोबर." त्यांच्यामुळे जुन्या रजिस्टरात वडिलांचे नाव सापडले. पुढे लिहिले होते, 'हिंदू महार'. धम्मदीक्षा घेऊन वडिलांनी जो शब्द टाकून दिला, तोच आता नातीच्या शिक्षणासाठी नकलून घ्यायचा होता. बौद्धांना अनुसूचित जातीचा हक्क केंद्राने 1990 साली दिला, पण पुरावा मागच्या जातीचाच द्यावा लागतो. नक्कल घेताना माझा हात थरथरला. बाबा म्हणाले, "कागदावरचं ते कागदावर. पोरीला शिकव म्हणजे झालं."

मुलीला दाखला मिळाला, प्रवेशही झाला. कंटेनरांच्या रांगेतून ती रोज ठाण्याला जाते आणि दमून येते. आमची चिडचिड संपली आहे असे नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, शहरात असाल तर वडिलांच्या, आजोबांच्या शाळेचा उतारा आजच काढून ठेवा. आई-वडील हयात असतील तर त्यांच्याबरोबर एकदा गावी जा आणि त्यांच्या वर्गात कोण होते ते विचारून घ्या.

आता "कुणाचा?" असे कुणी विचारत नाही. काल पहाटे मुलीनेच मला हाक मारून उठवले, "पप्पा, नल आलाय!" या खेपेला मी हसलो नाही. हंडा उचलून रांगेत गेलो.