तागावाहून काकांना

हाकाता, मंगळवार

ती. काकांस शि. सा. नमस्कार.

सुखरूप पोचलो. ऑफिसचं काम गुरुवारपासून आहे, म्हणून उद्या तागावाला जाऊन येणार. इथून जवळच चिकुहो नावाचा कोळशाचा पट्टा आहे. एके काळी जपानचा जवळजवळ निम्मा कोळसा तिथून निघायचा. तिथल्या यामामोतो साकुबेई नावाच्या खाणकामगाराची चित्रं पाहायची आहेत. चित्रकला ते कुणाकडे शिकले नव्हते. तुमचा जन्म बल्लारपूरच्या खाणीत गेला, तेव्हा ही हकिगत सगळ्यात आधी तुम्हालाच कळवायला हवी.

तागावा, बुधवार

काका, गाड्या बदलत तागावा-इता स्टेशनावर उतरलो आणि समोरच विटांची दोन धुराडी दिसली. 1908 सालची, 45 मीटर उंच. मित्सुई कंपनीची इथली खाण 1964 साली बंद झाली. धुराडी आणि शाफ्टवरचा लोखंडी मनोरा मात्र अजून उभा आहे. संग्रहालय त्याच आवारात आहे.

साकुबेईंचा जन्म 1892चा. वडील ओंगा नदीतून नावेनं कोळसा वाहून न्यायचे. रेल्वे आली, नावांचा धंदा बसला आणि घरदार खाणीवर आलं. सात-आठ वर्षांचं पोर आईवडिलांना हातभार लावायला खाणीत उतरू लागलं. पुढची पन्नासेक वर्षं या पट्ट्यातल्या कितीतरी खाणींत गेली. 1955 मध्ये ते काम करत होते ती खाण बंद पडली, त्यानंतर ते रात्रीचे पहारेकरी झाले. साठी उलटल्यावर त्यांनी ब्रश हातात धरला. खाणीतलं काम, तिथलं जगणं, तिथली माणुसकी नातवंडांना कळावी म्हणून. आधी नुसत्या शाईनं, मग जलरंगांत.

एका चित्रापुढून माझा पाय निघेना. कोळशाचा थर इतका बुटका की माणूस आत बसूही शकत नाही. पुरुष लंगोटीवर, कुशीवर आडवा होऊन टिकाव चालवतोय. पाठभर गोंदण. मागे त्याची बायको खाली पडलेला कोळसा ओढून टोपलीत भरतेय. पुढचा तो साकियामा, मागची ती आतोयामा. पुष्कळदा ही जोडी नवराबायकोचीच असायची. भरलेला कोळसा लाकडी घसरगाडीवर घालून चढावावरून रांगत ओढत न्यायचा, तोही बहुधा बाईनंच. तेलाच्या दिव्याच्या उजेडात हे असं लख्ख दिसणं शक्यच नव्हतं. साकुबेईंनी हाताला आणि पाठीला आठवत होतं ते रंगवलं. आणि चित्राच्या मोकळ्या जागेत आपल्या अक्षरात सगळं लिहून ठेवलं: कोणतं हत्यार कसं धरायचं, मजुरी काय मिळायची, तांदूळ कोणत्या भावानं.

आणखी एक चित्र सांगतो. पहाटेची वेळ, आई खाणीत निघालीय आणि मागे तिचा मुलगा, पाठीला तान्हं भावंड बांधलेलं. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून पोरंही आत. शाळा बुडाली ती बुडालीच. साकुबेई स्वतः असंच पोर होते, हे लक्षात ठेवून त्या मुलाकडे पाहिलं की फार तुटतं आत.

त्यांनी काहीही झाकलेलं नाही. खाणीतून पळून जाताना सापडलेल्या मजुराला सगळ्यांदेखत झोडपतायत, ते आहे. 1918चे तांदळाचे दंगे आहेत. खाणीत शिट्टी वाजवायची नाही, असले पाळायचे नियम आहेत. स्फोटात भाजलेल्या मजुराच्या घरी रात्री समाचाराला म्हणून माणसांच्या वेषात कोल्हे येतात आणि त्याची कातडी सोलतात, ही वस्तीवर सांगितली जाणारी गोष्टसुद्धा आहे. कंपनीच्या दप्तरात किती टन कोळसा निघाला ते सापडेल. माणसं रात्री कशाला भीत होती ते तिथे कुठून सापडणार?

काही जण त्यांच्या रेषेला कच्ची म्हणतील. मला ती पटली. हत्याराचं एकेक टोक, दोरीची एकेक गाठ बरोबर असायला ज्यानं ती गाठ मारलीय तोच माणूस लागतो.

हाकाता, बुधवार रात्री

राहिलेलं लिहितो. साकुबेई 1984 मध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी वारले. 2011च्या मे महिन्यात युनेस्कोनं त्यांची चित्रं, रोजनिश्या आणि कागदपत्रं, मिळून 697 नग, ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’च्या यादीत घेतले. त्यात 589 चित्रं आहेत. त्या यादीत गेलेला हा जपानचा पहिला ठेवा. राजेरजवाड्यांची दप्तरं मागे राहिली आणि एका खाणमजुराचा कागद पुढे गेला, याचा मला मनापासून आनंद आहे.

काका, आता तुमच्याकडे एक मागणं आहे. काठीनं छत ठोकून नुसत्या आवाजावरून ते धरेल की बसेल हे तुम्ही ओळखायचात. हे ओळखणारी तुमच्या पाळीतली माणसं आता किती उरलीत? वर्धा खोऱ्यातल्या कोळशाबद्दल सरकारी अहवाल खूप असतील, पण टब ओढणाऱ्याचं, लॅम्परूमच्या खिडकीपुढच्या रांगेचं, अपघाताचा भोंगा झाल्यावर गेटावर धावलेल्या बायकांचं कुणी लिहून ठेवलंय? चित्र जमलं नाही तरी चालेल, रेघा मारा, बाजूला लिहा. हाकात्यातून जाड कागदाची वही आणि पेन्सिली घेतल्यात, काकूंच्या पार्सलाबरोबर पाठवतोय. पहिलं पान पहिल्या पाळीचं करा. मी दिवाळीला येईन तेव्हा बघायला मागणार आहे.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
बाळू