बाबा ओरायली, मु. पो. अरणगाव

१९७१ साली आलेल्या एका इंग्रजी रॉक अल्बमची पन्नाशी उलटली आणि रिवाजाप्रमाणे त्याची नवी जंगी आवृत्ती निघाली. रिवाज असा, की जुना अल्बम घासूनपुसून लख्ख करायचा, त्या काळी टाकून दिलेलं सगळं किडूकमिडूक जोडीला जमवायचं, एक जाडजूड पुस्तक घालायचं आणि ज्यांच्याकडे तो अल्बम आधीच तीन प्रकारांत आहे, त्यांनाच ती पेटी पुन्हा विकायची. माझा एक मित्र या जमातीतला. आम्ही दोघं नगरचे. (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर. पण एस.टी.च्या रांगेत अजून 'नगर'च ऐकू येतं.) कॉलेजात असताना त्याच्या मोठ्या भावानं पुण्याहून भरून आणलेल्या कॅसेटवर हा अल्बम आम्ही पहिल्यांदा ऐकला. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला नाट्यगीतं होती.

बँडचं नाव 'द हू', अल्बम 'हूज नेक्स्ट' आणि पहिलंच गाणं 'बाबा ओरायली'. नातेवाईक मंडळींपैकी ज्यांनी टीव्हीवर 'सीएसआय न्यू यॉर्क' ही मालिका पाहिली असेल, त्यांनी ते शीर्षकगीत म्हणून नकळत ऐकलेलं आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या समारोपातही ते वाजलं. गंमत म्हणजे गाण्यात 'बाबा' हा शब्द कुठंच नाही, 'ओरायली'ही नाही. हे बाबा म्हणजे आमचे अरणगावचे अवतार मेहेरबाबा!

नगरहून दौंड रस्त्यानं दहाएक किलोमीटर गेलं की अरणगावाजवळ मेहेराबाद लागतं. खाली जुनं आवार, मग रेल्वेचे रूळ, आणि रूळ ओलांडून चढण चढलं की टेकडीवर समाधी. आम्हा नगरकरांना ती जागा इतकी सवयीची, की पाहुणे आल्याशिवाय कुणी तिकडं जात नाही. मेहेरबाबा मूळचे पुण्याचे, इराणी घराण्यातले, जन्म १८९४ चा. पुण्याच्या बाबाजान, शिर्डीचे साईबाबा, साकुरीचे उपासनी महाराज ही त्यांच्या गुरुमंडळींतली नावं, म्हणजे त्यातली दोन याच जिल्ह्यातली. १० जुलै १९२५ ला त्यांनी मेहेराबादला मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत, जवळजवळ ४४ वर्षं. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून बोलायचे, १९५४ मध्ये तीही सोडली आणि फक्त खुणा उरल्या.

आता हा न बोलणारा माणूस जगातल्या सर्वांत कर्कश बँडांपैकी एकाच्या गाण्यात कसा शिरला? तर बँडचा गिटारवाला आणि गीतकार पीट टाउनशेंड १९६७ च्या सुमारास त्यांचा भक्त झाला. त्यांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. 'टॉमी' हा त्याचा मुक्याबहिऱ्या, आंधळ्या मुलाच्या गोष्टीचा अल्बम मे १९६९ मध्ये आला, त्याच्या वेष्टनावर अवतार म्हणून मेहेरबाबांचं नाव आहे. पण तोवर बाबांना जाऊन चार महिने होत आले होते. टाउनशेंड मेहेराबादला आला तो १९७२ मध्ये, समाधीवर. (आमच्याकडे ते साल फक्त दुष्काळाचं म्हणून ओळखलं जातं.)

नावातला दुसरा तुकडा टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराचा. छोटे छोटे सूर पुन्हा पुन्हा फिरवून त्यातून विणकाम करणारा माणूस. हाही १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. किराणा म्हटलं की आपल्याला मिरजेचे अब्दुल करीम खाँ आणि भीमसेनच आठवणार. म्हणजे हे अस्सल इंग्रजी गाणं उलगडत गेलं तर दोन्ही टोकं आपल्याच अंगणात निघतात. असो, अभिमान पुरे.

तर पेटी. सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली. १० सीडी, १५५ ट्रॅक, त्यांतले ८९ पूर्वी कधीच न आलेले. शिवाय एक ब्लू-रे, त्यात स्टीव्हन विल्सननं चहूबाजूंनी आवाज येईल असं नव्यानं केलेलं मिश्रण. हा विल्सन म्हणजे 'पॉर्क्युपाइन ट्री'वाला, जुन्या प्रोग्रेसिव्ह रॉकचा आजचा जीर्णोद्धारक म्हणायला हरकत नाही. 'द हू' प्रोग्रेसिव्ह की नुसतेच रॉक यावर भांडणारी माणसं आहेत, त्यांना भांडू द्यावं. मित्र आणि मी आठ-दहा रविवार हे ऐकत होतो. मध्येच तो म्हणाला, "त्यांनी झांजांचे बारीक आवाज इतके स्वच्छ केलेत म्हणे, पण माझ्या डाव्या कानाला ते येतच नाहीत आता." ही पेटी घेणाऱ्या निम्म्या लोकांची हीच कथा असणार. आवाज वर्षागणिक सुधारतोय आणि कान उतरतोय.

पण पेटीचं खरं मोल आवाजात नाहीच. ते आहे एका फसलेल्या कामाच्या हिशेबात. 'हूज नेक्स्ट' हा अल्बम मुळात व्हायचाच नव्हता. व्हायचं होतं 'लाइफहाउस' नावाचं काहीतरी अवाढव्य. हवा इतकी बिघडलेली, की माणसं बंद पोशाखात पडून राहतात आणि नळ्यांतून त्यांना अन्न आणि करमणूक पुरवली जाते (हे १९७० मध्ये सुचलंय, हे विसरू नका!). संगीतावर बंदी. मग कुठंतरी एक गुप्त मैफल होते, तिथं येणाऱ्या प्रत्येकाची माहिती घेऊन त्याचा त्याचा स्वतःचा सूर तयार करायचा, आणि सगळे सूर मिसळत मिसळत शेवटी एकच सूर उरतो, आणि माणसं त्यात नाहीशी होतात. सृष्टीच्या मुळाशी एक सूर आहे ही कल्पना त्यानं सूफी गायक इनायत खान यांच्या लेखनातून घेतली होती. तेही बडोद्याचे.

टाउनशेंडला हे नुसतं लिहायचं नव्हतं, करून दाखवायचं होतं. १९७१ च्या सुरुवातीला लंडनच्या यंग व्हिक नाट्यगृहात प्रेक्षक बोलावून प्रयोग झाले. प्रेक्षकांना एकत्व वगैरे नको होतं, गाजलेली गाणी हवी होती. बँडमधल्या बाकीच्यांनाही काय चाललंय ते कळेना. माणूस पार मोडला. शेवटी ग्लिन जॉन्स या ध्वनिमुद्रकानं त्या ढिगातून चांगली चांगली गाणी उचलायला लावली आणि एक साधा अल्बम झाला. नऊ गाणी, त्यांतली आठ त्या पडलेल्या घराच्या विटा.

पेटीतल्या कच्च्या मुद्रणांत हे कानानं दिसतं. 'बाबा ओरायली' आधी दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक लांबलचक निव्वळ वाद्यांचा तुकडा आणि एक संथ, पियानोवरचं गाणं. गाणं म्हणतोय तो माणूस शेतकरी आहे, कुटुंब घेऊन रान सोडून निघालेला. मला हे आधीपासून फार आवडतं, की या गर्जनेच्या पोटात एक शेतकरी आहे. आणि सुरुवातीला जे सूर कारंज्यासारखे उडत राहतात, ते बहुतेक लोक सिंथेसायझरचे समजतात, पण ते घरगुती लोरी ऑर्गनचे आहेत. त्यावर एक सोय होती, पट्टी दाबून धरली की सूर आपोआप थरथरत पुन्हा पुन्हा वाजत राहायचा. मेहेरबाबांच्या आयुष्याची माहिती यंत्रात भरली तर काय सूर निघेल, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात एका माणसाची दहा बोटं आणि दिवाणखान्यातलं वाद्य. मला हे जास्त भावतं, खरं सांगायचं तर.

१५५ ट्रॅक ऐकून माझं मत असं झालं, की ग्लिन जॉन्सनं जे गाळलं ते बरोबर गाळलं. अपवाद 'प्युअर अँड ईझी'. त्या एका सुरावरचंच ते गाणं आणि तेच अल्बममधून गळालं! देवळातून मूर्तीच बाहेर ठेवल्यासारखं.

आमची आत्या दरवर्षी अमरतिथीला मेहेराबादला जाते. तिला मी 'बाबा ओरायली' ऐकवलं. शांतपणे दोन मिनिटं ऐकून म्हणाली, "बाबांचं गाणं म्हणतोस आणि हे एवढे ओरडतायत कशाला? बाबा तर बोलतसुद्धा नव्हते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी टाउनशेंडचं दुसरं गाणं लावलं, 'परवरदिगार', १९७२ च्या त्याच्या 'हू केम फर्स्ट' या अल्बममधलं. (त्याचीही २०१८ मध्ये वर्धापन आवृत्ती निघाली आहे, मित्राकडे अर्थातच आहे.) मेहेरबाबांनी दिलेल्या प्रार्थनेवरून रचलेलं ते गाणं. आत्याला इंग्रजी फारसं कळत नाही. पण पहिला शब्द कानावर पडला आणि तिनं मांडीवरचा पालेभाजीचा सूप बाजूला ठेवून हात जोडले. गाणं संपेपर्यंत तसेच होते.

"पुन्हा लाव," म्हणाली. मग विचारलं, "कुणाचा मुलगा हा?" मी म्हटलं, लंडनचा आहे. तिनं 'असेल' अशी मान हलवली.

तिच्याबरोबर २०२४ च्या अमरतिथीला मी गेलो. ३१ जानेवारी, बुधवार. रूळ ओलांडून टेकडीवर चढताना आंध्रकडची माणसं, हिंदी पट्ट्यातली, गोरी, इराणी, आणि आसपासच्या खेड्यांतल्या नऊवारीतल्या बायका. मंडपात गाणी चाललेली, प्रत्येकाची भाषा वेगळी, सूर वेगळा, आणि काहींचा अजिबात नाही. बारा वाजले आणि सगळं थांबलं. दुपारी सव्वाबाराला बाबा गेले, म्हणून बारा ते सव्वाबारा मौन.

हजारो माणसं गप्प बसलेली तुम्ही ऐकलीत का कधी? ती पोकळी नसते, तिला वजन असतं. कुणाचा तरी खोकला, लहान मूल, वाऱ्यानं फडफडणारं कापड. यंग व्हिकमध्ये त्या बिचाऱ्याला जे करायचं होतं ते हेच असावं, असं मला तिथं बसल्याबसल्या वाटलं. यंत्रं, माहिती, लेसर, काही नको. नुसतं सगळ्यांनी एकदम थांबायचं. पण हेही खरं, की गप्प बसण्याचा अल्बम निघत नाही आणि तो गिटारवाला माणूस, त्याला हातातलं वाद्यच वाजवता येणार. त्यानं ते वाजवलं. आत्याचा आक्षेप मला आजही खोडता येत नाही, पण ते ओरडणं मला आता कमी परकं वाटतं.

शेजारी आत्या डोळे मिटून बसली होती. सव्वाबाराला जयजयकार झाला, लोक उठायला लागले. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"माझ्या चपला कुठं ठेवल्यास?"