गिरडची टेकडी

आज गिरडला सूफी संत फरीदबाबांच्या टेकडीवर गेलो. चढताना वाटेत ते ओळखीचे गोल दगड दिसले. लहानपणी आई सांगायची, व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांचा सगळा माल दगड झाला. भूशास्त्राची गोष्ट निराळी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंडावला, त्याच्या पोकळ्यांत खनिजयुक्त पाणी झिरपलं आणि झिओलाइटचे खडे घडले. भोवतीचा खडक झिजला, तसे ते मोकळे झाले.

एक दगड तळहातावर घेऊन बराच वेळ बसलो. ज्याला आपण कायमचा म्हणतो, तोही झिजतोच आहे. लाव्ह्याचा हा काळा खडक झिजून खाली काळी माती झाली. तिच्यात आमचा कापूस उगवतो.

मागच्या आठवड्यात आईच्या पितळी गंजाला चीर गेली, तेव्हा रात्रभर डोळा लागला नाही. आज घरी येऊन त्यात माती भरली, तुळस लावली. मग दारात बसून चहा प्यायलो, निवायच्या आत. ऊन हळूहळू अंगणातून उतरत गेलं. त्याला जाऊ दिलं.