सीझरचे बाण आणि आपल्या विभक्त्या

शनिवारी आम्ही मराठी शिकतो हे तुम्हांला माहीतच आहे. आठवडाभर शाळेत आम्ही तिघी लॅटिनही शिकतो. यंदा शाळेच्या संकेतस्थळावर खालच्या वर्गासाठी ज्यूलियस सीझरच्या पुस्तकातलं एक पान मांडायचं काम आमच्याकडे आलं. इ.स.पूर्व ५५ मध्ये सीझरचं सैन्य ब्रिटनला आलं, पण खोल पाणी बघून सैनिक जहाजावरच थांबले. तेव्हा दहाव्या पलटणीचं गरुडाचं निशाण धरणाऱ्याने पहिली उडी मारली, ती गोष्ट.

वाचणाऱ्यांना लॅटिन अर्धवट येतं. मग मदत किती करायची? यावरून आमचं चांगलंच वाजलं. लोबच्या पुस्तकांत (लॅटिनची लाल, ग्रीकची हिरवी) डावीकडे मूळ आणि उजवीकडे इंग्रजी असतं. सोय खरी, पण डोळे उजवीकडेच जातात! अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचा 'पर्सिअस' १९९५ पासून इंटरनेटवर आहे. तिथे शब्दावर टिचकी मारली की त्याचा अर्थ आणि रूप दिसतं. एकाच शब्दाची दोन रूपं होत असतील तर दोन्ही दाखवतात, निवड आपली. आम्हांला हे पटलं. भाषांतर आम्ही दिलं, पण झाकून.

लांब स्वरांवर रेघा मात्र हव्यातच. 'आक्विला' मधला शेवटचा स्वर आखूड असेल तर तो गरुड कर्ता, लांब असेल तर विभक्तीच वेगळी. आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन' आहेत, तसंच काहीसं.

सीझरचं एक वाक्य तर संपतच नाही. ते आम्ही ओळींत तोडलं, शब्द एकही हलवला नाही. 'हुकूम केला' हे क्रियापद थेट शेवटी येतं. इंग्रज मैत्रिणी वैतागल्या, आम्हांला काहीच वाटलं नाही!

शाळेसाठी अर्थ इंग्रजीत लिहिले, पण वहीत आम्ही मराठीतही लिहून पाहिले. 'सागित्तीस' म्हणजे 'बाणांनी'. शब्दाला शब्द! इंग्रजीत दोन लागतात. 'फुंदीस' म्हणजे गोफणींनी. गोफण काय असते ते आजीने फोनवर सांगितलं. शेतातली पाखरं हाकलायला तिच्या लहानपणी असायची म्हणे.

'तोर्मेंतीस' ला मात्र आम्ही 'दगड फेकणाऱ्या यंत्रांनी' लिहिलं आहे. तीन शब्द झाले. कुणाच्या आईबाबांना एकच शब्द सुचला तर पुढच्या शनिवारी बाईंकडे लिहून द्यावा.